कुंडातलं पाणी आणि एफ ऑफ जी ऑफ एक्स

वज्रेश्वरीला गेलाय कधी? भिवंडी तालुक्यातलं, तानसा नदीच्या काठचं हे गाव. वसईचा किल्ला १७३९ मध्ये जिंकल्यावर चिमाजी अप्पांनी नवस फेडायला देवीचं देऊळ बांधलं, असं इथे सांगतात. पण कॉलेजची गँग इथे येते ती बहुतेक वेळा गरम पाण्याच्या कुंडांसाठी. वज्रेश्वरी, शेजारचं अकलोली आणि गणेशपुरी, तिन्ही ठिकाणी जमिनीतून ऊन पाणी वर येतं. पहिल्यांदा पाय टाकताना ‘हाऽऽ’ होतं, दोन मिनिटांनी बरं वाटतं आणि मग कुणीतरी विचारतंच, "अरे, पण हे तापतं कुठे?"

सोबतचा हुशार मित्र लगेच ‘ज्वालामुखी’ म्हणतो. तसं नाहीये. सह्याद्रीचा आपला काळा पाषाण ज्वालामुखीचाच आहे हे खरं, पण तो लाव्हा साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. तो केव्हाच थंड झाला. पावसाचं पाणी खडकाच्या भेगांतून खोल उतरतं. जसजसं खाली जावं तसतशी जमीन तापत जाते, म्हणून पाणीही तापतं आणि दुसऱ्या भेगांवाटे वर येतं. पालघरमधल्या कोकनेरपासून थेट राजापूरपर्यंत कोकणात अशा झऱ्यांची माळच आहे. उन्हेरे, उन्हवरे, तुरळ, राजवाडी ही त्यातलीच काही नावं. कोकणात अशा झऱ्याला ‘उन्हाळं’ म्हणतात.

मग खरा प्रश्न येतो. पाणी वर येईपर्यंत वाटेत निवतं. कुंडातलं तापमान आपल्याला थर्मामीटरने कळेल, पण खाली, जिथे ते तापलं तिथे ते किती गरम होतं? आणि ती जागा किती खोल? तिथवर कुणी थर्मामीटर सोडलेला नाही. तरी भूगर्भशास्त्रज्ञ बाटलीभर पाण्यावरून अंदाज बांधतात. कसा, ते बघायचं तर अकरावीतल्या ज्या प्रश्नाला आपण ‘ऑप्शनला टाकू’ म्हणतो, तोच आधी सोडवावा लागेल : कंपोझिट फंक्शनची रेंज काढा.

आधी लोकल, मग एसटी

फंक्शन म्हणजे एक यंत्र. एक आकडा आत टाकला की एकच ठरलेला आकडा बाहेर पडतो. जे आकडे आत टाकायला चालतात ते सगळे मिळून डोमेन. जे प्रत्यक्षात बाहेर पडतात ते सगळे मिळून रेंज. दोन यंत्रं एकामागे एक लावली, पहिल्याचं बाहेर आलेलं थेट दुसऱ्यात गेलं, की झालं कंपोझिट. ‘एफ ऑफ जी ऑफ एक्स’ मध्ये जी हे आतलं यंत्र आणि एफ हे बाहेरचं. लिहिताना एफ आधी येतो, पण काम आधी जी करतो. निम्मा गोंधळ इथेच होतो.

आता हे वज्रेश्वरीच्या वाटेवर बघू. समजा तुम्ही लोकलने वसई रोडला उतरून पुढे एसटीने जाणार आहात. समजा एसटी सुटतात ६.३०, ७.३०, ८.३० आणि ९.३० ला, शेवटची ९.३० ची, आणि प्रवास तासाभराचा. (वेळा आपल्या हिशोबापुरत्या घेतल्या आहेत, स्टँडवर जाऊन भांडू नका!) एसटी हे बाहेरचं फंक्शन. तुम्ही स्टँडवर कधी आलात हे त्याला दिलं की वज्रेश्वरीला कधी पोचाल ते सांगतं. त्याची रेंज चार वेळांची : ७.३०, ८.३०, ९.३०, १०.३०.

पण तुमची लोकल ७ नंतर आणि ८ च्या आत कधीतरी येणार असेल तर? ६.३० ची एसटी तुमच्यासाठी गेलेली. ९.३० ची तुम्हाला नकोच, कारण त्याआधीची मिळते. म्हणजे तुम्ही वज्रेश्वरीला पोचाल ८.३० ला किंवा ९.३० ला. बस्स. या कंपोझिटची रेंज दोनच वेळांची.

एसटीचं वेळापत्रक बदललं नाही, तरी रेंज चारावरून दोनावर आली. का? कारण बाहेरच्या फंक्शनला काय करता येतं यापेक्षा आतून त्याच्यापर्यंत काय पोचतं, यावर कंपोझिटची रेंज ठरते.

आणखी एक. समजा तुमची लोकल रखडली आणि तुम्ही १० वाजता उतरलात. शेवटची एसटी गेली. आता ‘वज्रेश्वरीला कधी पोचाल’ याला उत्तरच नाही. हा १० चा आकडा लोकलच्या रेंजमध्ये आहे, पण एसटीच्या डोमेनमध्ये नाही. असा आकडा वाटेतच गळतो.

संपूर्ण पद्धत एवढीच आहे :

पायरी १ : आतल्या फंक्शनची रेंज काढा.
पायरी २ : त्यातले बाहेरच्याच्या डोमेनमध्ये न बसणारे आकडे गाळा.
पायरी ३ : उरलेल्या आकड्यांवर बाहेरचं फंक्शन चालवा. जे बाहेर येईल तीच रेंज.

पुढे सगळीकडे एक्सच्या जागी आपला बीजगणितातला जुना क्ष लिहू. चौकोनी कंस म्हणजे टोक धरून, गोल कंस म्हणजे टोक सोडून, हे तुम्हाला माहीत आहेच.

एक उदाहरण झटपट. लॉग(साइन क्ष) ची रेंज? पायरी १ : साइनची रेंज [−१, १]. पायरी २ : लॉगला शून्य आणि ऋण आकडे चालत नाहीत, म्हणून उरलं (०, १]. पायरी ३ : १ चा लॉग ० आणि शून्याच्या जवळ जाऊ तसा लॉग खाली खाली घसरत जातो. उत्तर (−∞, ०]. एकही मोठं समीकरण न सोडवता.

पहिला खड्डा : काटछाटीची घाई

जी(क्ष) = √(क्ष − ३) आणि एफ(क्ष) = क्ष² + ५. एफमध्ये जी घातला की वर्गमूळ आणि वर्ग एकमेकांना खातात आणि उरतं क्ष + २. सरळ रेषा! मग रेंज काय, सगळ्या वास्तव संख्या?

थांबा. क्ष + २ हे शेवटचं रूप आहे. तिथवर पोचायचा रस्ता वर्गमूळातून जातो. वर्गमूळातून बाहेर येतं ते [०, ∞). त्याचा वर्ग करून ५ मिळवले की [५, ∞). हीच रेंज. क्ष = १ ठेवून ३ हे उत्तर मिळेलसं वाटतं, पण १ मधून ३ गेले की वर्गमूळात −२ येतात आणि गाडी तिथेच थांबते. सोपं रूप दिल्यावर मूळ अटी पुसल्या जात नाहीत. त्या कागदावर दिसत नाहीत, एवढंच.

एमएचटी-सीईटीत गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात, प्रत्येकी दोन गुण. घाईत काटछाट करून ‘सर्व वास्तव संख्या’ हा पर्याय निवडायचा मोह होतोच, आणि पेपर काढणाऱ्याला तो माहीत असतो.

दुसरा खड्डा : फक्त टोकं तपासणं

आता पुन्हा ऊन पाण्याकडे. समजा कुंडातलं ४८ अंश सेल्सियसचं पाणी तुम्ही बादलीत काढलं. ते मिनिटाला अर्धा अंश या वेगाने निवतंय असं धरू. (खरं पाणी आधी भराभर आणि मग सावकाश निवतं, पण सध्या सरळ रेषेवर भागवू.) म्हणजे ट मिनिटांनी तापमान = ४८ − ट/२. हे आतलं फंक्शन.

बाहेरचं फंक्शन गमतीचं. अंघोळीला ४० अंशांचं पाणी सगळ्यात झकास, त्याला १०० गुण. त्याहून गरम असो की गार, गुण कमी. गुण = १०० − (तापमान − ४०)².

पहिल्या २० मिनिटांत पाण्याला कोणकोणते गुण मिळतील? बरेच जण काय करतात, ट = ० ठेवतात, ३६ गुण. ट = २० ठेवतात, तापमान ३८, गुण ९६. आणि उत्तर लिहितात [३६, ९६]. चुकलं! तापमान ४८ वरून ३८ वर येताना वाटेत ४० ला भेटून जातं. सोळाव्या मिनिटाला पूर्ण १०० गुण. खरी रेंज [३६, १००]. बाहेरचं फंक्शन चढून उतरणारं असेल, तर दोन टोकांच्या मधलं शिखर विसरायचं नाही.

आता तुम्हाला घाई आहे, दहाच मिनिटं थांबणार. तापमानाची रेंज झाली [४३, ४८]. इथे ४० येतच नाही. ४३ ला ९१ गुण, ४८ ला ३६. रेंज [३६, ९१]. या वेळी टोकं पुरली, कारण शिखर आतून आलेल्या पट्ट्याच्या बाहेर राहिलं. दोन्ही सूत्रं तीच, फक्त डोमेन बदललं आणि १०० हातचे गेले. म्हणून प्रश्नाच्या शेवटी बारीक अक्षरात लिहिलेली क्षची मर्यादा आधी वाचा, सूत्र नंतर.

तिसरा खड्डा : शून्याच्या दोन बाजू

१/(क्ष² − ४) घ्या. आतलं क्ष² − ४, त्याची रेंज [−४, ∞). बाहेरचं ‘एक भागिले’, त्याला शून्य चालत नाही. शून्य गाळलं की दोन तुकडे उरतात : [−४, ०) आणि (०, ∞). दोघांना वेगवेगळं हाताळा. पहिल्या तुकड्यातून येतं (−∞, −१/४]. दुसऱ्यातून (०, ∞). दोन्ही मिळून रेंज. शून्य आणि −१/४ यांच्यामधली एकही संख्या, आणि शून्यसुद्धा, कधीच मिळत नाही. ‘एक भागिले’ क्रम उलटवतं, मोठ्याचं लहान आणि लहानाचं मोठं करतं. शून्याची रेघ ओलांडून मात्र हा उलटापालटीचा नियम लावायचा नाही. आधी तुकडे, मग उलटापालट.

हे तीन खड्डे ओळखता आले की आपण बाटली उघडायला तयार आहोत.

बाटलीतून पाताळात

गरम पाणी खडकातलं क्वार्ट्झ, म्हणजे सिलिका, विरघळवतं. जितकं गरम पाणी, तितकी जास्त सिलिका. हे पाणी भरभर वर आलं तर ते निवतं, पण विरघळलेली सिलिका लगेच बाहेर पडत नाही, बरीचशी पाण्यातच राहते. म्हणजे वरच्या पाण्यातली सिलिका ही खालच्या उष्णतेची खूण. त्यावरून तापमान काढायची सूत्रं आहेत. त्यातलं फार वापरलं जाणारं एक, अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेतले रॉबर्ट फोर्नियर यांनी १९७७ मध्ये मांडलेलं :

तापमान (अंश सेल्सियस) = १३०९ / (५.१९ − लॉग स) − २७३.१५

इथे स म्हणजे लिटरभर पाण्यातली सिलिका, मिलिग्रॅममध्ये. लॉगचा पाया १०. सूत्र ० ते २५० अंशांपर्यंतच लागू आहे. ही शेवटची ओळ लक्षात ठेवा.

पुढचं फंक्शन खोलीचं. जमिनीत दर किलोमीटरला तापमान सरासरी २५ ते ३० अंशांनी वाढतं. आपण ३० धरू, वरचं तापमान २७ धरू. खोली (किलोमीटर) = (तापमान − २७) / ३०.

बघा, सिलिका दिली की तापमान, तापमान दिलं की खोली. एकात एक फंक्शन. आता हिशोब सोपा जावा म्हणून समजा सिलिका १० ते १०० च्या दरम्यान आहे. खोलीची रेंज काय?

लॉग स : [१, २].
५.१९ मधून वजा : [३.१९, ४.१९]. ऋण चिन्हामुळे क्रम उलटला.
१३०९ भागिले : [३१२.४, ४१०.३]. भागाकाराने क्रम पुन्हा उलटला, म्हणजे परत सुलट झाला. शून्य कुठेच मधे आलं नाही, म्हणून तुकडे करावे लागले नाहीत.
२७३.१५ वजा : तापमान [३९.३, १३७.२].
शेवटी खोली : साधारण ०.४१ ते ३.६७ किलोमीटर.

एक बाटली, एक लॉग, आणि आपण साडेतीन किलोमीटर खाली. प्रत्येक पायरी एकाच दिशेने चढणारी किंवा उतरणारी होती, म्हणून इथे टोकं पुरली. बादलीच्या उदाहरणात पुरली नव्हती. फरक आला ना लक्षात?

सूत्र कधीच ‘नाही’ म्हणत नाही

आता खोडसाळपणा करू. स = १००० ठेवा. कॅल्क्युलेटर मुकाट्याने ३२५ अंश दाखवेल. पण सूत्राची हमी २५० पर्यंतच होती. हा आकडा छापून आला तरी त्याला अर्थ नाही. अजून पुढे जा, स = १०,००,०००, म्हणजे लिटरला किलोभर सिलिका. आता ५.१९ − ६ ऋण होतं, आणि उत्तर येतं उणे १८८९ अंश. विश्वात उणे २७३.१५ च्या खाली तापमानच नसतं! वाटेत, लॉग स बरोबर ५.१९ झाला तिथे, छेदात शून्य आलं होतं. आपण तिसऱ्या खड्ड्यात पडून पलीकडे निघालो आणि कॅल्क्युलेटरने हूं की चूं केलं नाही.

उलट बाजूनेही बघा. तापमानाच्या सूत्राची रेंज [०, २५०] धरली आणि ती आंधळेपणाने खोलीच्या सूत्रात घातली, तर ० अंशाला खोली येते उणे ०.९ किलोमीटर. म्हणजे पाणी हवेत तापलं! खोलीच्या फंक्शनचं डोमेन २७ अंशांपासून पुढे आहे. पायरी २ लावा, ० ते २७ गाळा, उरलं [२७, २५०]. मग खोली [०, ७.४३]. आता उत्तराला जमीन आहे.

कोकणातल्या या झऱ्यांचा अभ्यास भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाने केलेला आहे, आणि जगभर अशा जागी जमिनीतल्या उष्णतेवर वीज करता येईल का, हे ठरवताना आधी पाण्याचे नमुने घेतले जातात. खोल बोअर मारणं म्हणजे प्रचंड खर्च. तो कुठे मारायचा आणि किती खोल, याचा पहिला अंदाज अशा एकात एक गुंतलेल्या सूत्रांतून येतो. वर येताना थंड पाणी मिसळलं तर सिलिका पातळ होते आणि सूत्र खरं तापमान कमी दाखवतं. एखाद्या ठिकाणी जमीन सरासरीपेक्षा जास्त वेगाने तापत असेल तर आपली ३.६७ किलोमीटरची खोलीही प्रत्यक्षात कमी भरेल. आतल्या फंक्शनमध्ये झालेली चूक बाहेरचं फंक्शन दुरुस्त करत नाही. ते तिला इमानदारीने पुढे पाठवतं.

तुम्ही पुढे गणित घ्या की नका घेऊ, आकडा आत टाकून उत्तर बाहेर काढणारी यंत्रं तुमच्या भोवती असणारच आहेत. कर्जाचा हप्ता मोजणारं ॲप असो, पर्सेंटाइलवरून कॉलेज सुचवणारी वेबसाइट असो, किंवा धाप लागेपर्यंत पळाल्यावर कॅलरी सांगणारं घड्याळ असो, प्रत्येकाच्या पोटात एकामागे एक फंक्शन्स रांगेत उभी असतात. स्क्रीनवर उत्तर आलं की ‘हे उत्तर किती’ याआधी विचारायचं, ‘माझा आकडा यात टाकायला चालतो का?’ अकरावीच्या पुस्तकात याच प्रश्नाचं नाव डोमेन आहे.

जाता जाता

तीन उदाहरणं सोडवून बघा. पेन खाली ठेवल्यावरच उत्तरं वाचा.

१. √(९ − क्ष²) ची रेंज काढा.
२. १/(२ + साइन क्ष) ची रेंज काढा.
३. लॉग(क्ष² + १००) ची रेंज काढा. पाया १०.

उत्तरं : पहिल्यात आतून येतं (−∞, ९], ऋण आकडे गाळले की [०, ९], म्हणून रेंज [०, ३]. दुसऱ्यात आतून येतं [१, ३], शून्य नाही, क्रम उलटला, रेंज [१/३, १]. तिसऱ्यात आतून येतं [१००, ∞), सगळंच चालतं, रेंज [२, ∞).

तिन्ही बरोबर आली? मग पुढच्या सुट्टीत वज्रेश्वरीला जा. कुंडात उतरण्याआधी पाण्याला हात लावून बघा, एकदम उडी टाकू नका. आणि कुणी ‘हे तापतं कुठे?’ विचारलं, तर त्याला आधी विचारा, "सिलिका किती आहे?"